शंभर टक्के निकाल

आदिलाबादपासून गुडीहत्नूरपर्यंत कुठेही पंगत बसली, की वरणाची बादली देवाजी गुरुजींच्या हातात असते. लग्न असो, बारसं असो, नाहीतर विहारातली जयंती असो, गुरुजी मांडवात शिरले की आधी बादली शोधतात, मग यजमानाला. बाह्या दुमडतात, पळी बादलीच्या काठावर दोनदा ठोकतात आणि "वरण, वरण" करत निघतात. पहिल्या पंगतीला कोणाच्या पानात किती भात उरला आहे, हे त्यांना त्या घरच्या सुनेपेक्षा जास्त माहीत असतं.

"गुर्जी, तुमी बी बसा नं आता," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"पहिले पाव्हणे. मी मागून."

मागून म्हणजे नेमकं कधी, हे मात्र कोणी पाहिलेलं नाही. मागून लोक सुपारी कातरण्याच्या नादात असतात, नवरीकडची माणसं आहेरावरून कुजबुजत असतात, आणि तेवढ्यात गुरुजींच्या स्कूटरचा आवाज वेशीपलीकडे गेलेला असतो.

लोकांना याचं फार कौतुक. कारण गुरुजींच्या तोंडाचं मोठं ऑपरेशन झालेलं होतं. हैदराबादच्या डॉक्टरांनी डावीकडचा अर्धा जबडा काढला आणि तिथे छातीवरचं मांस-कातडं आणून बसवलं. आता छातीवरच्या कातड्याला काही आपली बदली झाल्याचा हुकूम मिळालेला नसतो. ते नव्या जागी जुनंच काम करत राहतं. म्हणजे गुरुजींच्या गालाच्या आत केस उगवतात. "जीभ फिरवली का सोताच्याच छातीवरून हात फिरवल्यावानी वाटते," असं गुरुजी सांगायचे आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. जो माणूस स्वतःच्या कॅन्सरवर हसवतो तो बरा आहे, असा लोकांचा समज होता. गुरुजींची सगळी भिस्त त्या समजावरच होती.

खरी गोष्ट एकट्या ताराबाईंना माहीत होती. त्या गुरुजींच्या पत्नी, आणि ताट त्यांनाच द्यावं लागायचं. गुरुजी घरी जेवायचे ते आतल्या खोलीत, दार लोटून, भिंतीकडे तोंड करून, खांद्यावर टॉवेल टाकून. डावीकडचा ओठ काही धरून ठेवत नसे. वरण ओठातून निघून हनुवटीवरून थेट सदऱ्यावर यायचं, आणि गुरुजींना ते सदरा ओला झाल्यावर कळायचं. मधल्या रस्त्यात काही जाणवतच नव्हतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते पंगतीला बसले होते मुधोळच्या एका लग्नात.  शेजारच्या पाव्हण्याने आपलं पान चार बोटं पलीकडे सरकवून घेतलं. गुरुजी उठले, हात धुतला आणि समोरून येणाऱ्या पोराच्या हातातली बादली घेतली. त्या दिवशी त्यांना शोध लागला, की वाढणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. सगळे बादलीकडे बघतात.

हा शोध त्यांना एवढा लवकर लागला यात नवल नाही. नको ते झाकून हवं ते पुढे करणं, यात त्यांची उभी नोकरी गेली होती.

देवाजी सोनकांबळे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर होते. वडील दुसऱ्याच्या रानात सालदार. घरात खडू धरणारा पहिला हात देवाजीचा. त्यामुळे शाळेचं नाव म्हणजे घराचं नाव, आणि निकाल म्हणजे इभ्रत. साध्या परीक्षेपेक्षा त्यांना तपासणीचा दिवस जास्त प्रिय. मंडलाचे शिक्षणाधिकारी यायचे, तेलुगूत विचारायचे, पोरं मराठीत उत्तरं द्यायची, आणि मधे गुरुजी दोन्ही बाजूंना शोभेल असं भाषांतर करायचे. शेवटी साहेब "चाला बागुंदी" म्हणाले, म्हणजे फार छान म्हणाले, की गुरुजींना वर्षभर पुरायचं.

पण वर्गात सगळीच पोरं "चाला बागुंदी" नसतात. मग गुरुजी कच्च्या पोरांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचे, "उद्या शाळेत येऊ नका." साहेबांनी विचारलं तर कारण तयार असे: "सार, आजी वारली." तपासणीच्या दिवशी गावातल्या निम्म्या आज्या वारायच्या. एका वर्षी त्यातली एक आजी नातवाची टोपी द्यायला स्वतःच वर्गात आली आणि साहेबांना रामराम घालून, नातू दिसेना म्हणून गुरुजींनाच विचारू लागली, "माहं पोट्टं कुठी गेलं?" साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "सार, ही दुसरी आजी. आईच्या बाजूची."

आरोग्याचा धडा ते फार रंगवून शिकवायचे. तंबाखूचे दुष्परिणाम पोरांकडून तालासुरात म्हणून घ्यायचे. स्वतः मात्र तेव्हा फारसं बोलायचे नाहीत. डाव्या गालात चिमूट धरलेली असायची.

तर असे हे गुरुजी महिन्यातून एका मंगळवारी आदिलाबादच्या एका लहानशा केंद्रात तपासणीला जायचे. हैदराबाद-नागपूरला ऑपरेशन करून आलेले लोक तिथे जमत. डॉक्टर बघत, परिचारिका पट्टी बदलत, आणि दुपारी कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या धर्मखात्यातून व्हरांड्यात खिचडी-कढीची पंगत बसे. कढीची बादली कोणाकडे, हे सांगायला नको.

त्या केंद्रात एक दिवस वृषाली आली. मूळची नांदेडची, मानसशास्त्र शिकलेली, हैदराबादच्या एका संस्थेत संशोधन करणारी. तिने सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, की कॅन्सरचा उपचार झाल्यावर माणूस जगतो कसा, याचा ती अभ्यास करते. झोप लागते का, जेवण जातं का, दुखतं किती, लोकांत जावंसं वाटतं का, मनात भीती असते का. आधी सगळ्यांना प्रश्न विचारायचे. जिथे लोकांना त्रास जास्त, तिथे अभ्यासाचा दुसरा भाग येणार. म्हणजे दर मंगळवारी हाताचे-जबड्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई, दुखण्याचे डॉक्टर आणि मनमोकळं बोलायला एक माणूस.

"यात बरोबर-चूक काही नाही," वृषाली म्हणाली. "जे वाटतं ते सांगायचं. घाबरायचं कारण नाही."

गुरुजींनी मान हलवली. हे वाक्य त्यांनी स्वतः दर वर्षी पेपर वाटण्याआधी म्हटलेलं होतं.

"तुमचं नाव मी लिहिणार नाही," ती म्हणाली, "प्रत्येकाला फक्त एक नंबर."

म्हणजे हॉलतिकीट. गुरुजींची खात्री पटली. त्यांना मिळाला 'आ-एक'. पहिला नंबर मिळाल्यावर माणसावर जी जबाबदारी येते, ती त्यांच्या पाठीच्या कण्यात ताबडतोब दिसू लागली.

आत खोलीत गेल्यावर तर शंकाच उरली नाही. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय: अजिबात नाही, थोडं, बरंच, फार. बिनचूक वस्तुनिष्ठ पेपर! शेवटी एक प्रश्न, की एकंदर तब्येतीला सातपैकी किती देता. गुरुजींनी पेपरचा कल पहिल्या मिनिटात ओळखला. 'अजिबात नाही' हे बरोबर उत्तर. झोपेचा त्रास? अजिबात नाही. भीती? अजिबात नाही.

"गुरुजी, लोकांसमोर जेवताना अवघडल्यासारखं होतं का?"

इथे गुरुजींनी बाहेर पाहिलं. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. खिचडीचं पातेलं उतरवून ठेवलं होतं.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "मी तं सगळ्यायले वाढतो."

तब्येतीला त्यांनी सहा दिले. सात दिले तर कॉपी केल्यासारखं दिसतं.

बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात बाकीचे भेदरून बसले होते. नागनाथ तिथेच होता. तो ऑटो चालवायचा, त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याचा आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा यायचा. त्याच्या बाजूला गुडीहत्नूरकडच्या एका गावातल्या मालनबाई. छातीचं ऑपरेशन झालेल्या, आणि उजवा हात सुजून मांडीएवढा झालेला.

"गुर्जी, काय काय इचारते वो?" नागनाथ म्हणाला.

गुरुजींनी आजूबाजूला पाहिलं. मुलं परीक्षेच्या दारात उभी आहेत आणि मास्तरला पेपर माहीत आहे! असा योग उभ्या नोकरीत आला नव्हता. शिवाय त्यांना त्या पोरीची काळजी वाटत होती. एवढ्या दुरून येते. निकाल खराब लागला तर हिची बदली कुठल्या जंगलात करतील काय सांगावं! खराब निकालाच्या मास्तरांचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

"सोपा आहे," ते हळूच म्हणाले. "चार पर्याय हायेत. पहिला धरून ठेवा. काही बी इचारो, 'अजिबात नाई.' आन् शेवटी सहा."

"पण गुर्जी," मालनबाई म्हणाल्या, "हात तं लय दुखते."

"दुखते ते डॉक्टरले सांगा. हा पेपर आहे, मालनबाई."

"खोटं सांगू का मंग?"

"खोटं कुठी? अवघड प्रश्न सोडून देतो आपन, तसं समजा. म्हना, 'अजिबात नाई.'"

"अजिबात नाई."

"सहा."

"सहा. पन सहा काय?"

"तुमाले काय करायचं? सहा."

दुपारपर्यंत आदिलाबादच्या त्या व्हरांड्यात कोणालाही काहीही होत नव्हतं. एक आजोबा तर इतके तयार झाले, की वृषालीने "पाणी हवं का?" विचारलं तेव्हाही "अजिबात नाही" म्हणाले. वृषाली वेडी नव्हती. तिसऱ्या माणसाने उत्तर देताना खिडकीबाहेर बादलीवाल्या गुरुजींकडे पाहिलं, तेव्हाच तिने पेन खाली ठेवून पुन्हा समजावलं, की काका, हा पेपर नाही. काका "हो" म्हणाले आणि सहा मार्क देऊन उठले. सांगतील तेच लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, हा तिच्या कामाचा नियम होता. तिने लिहून घेतलं.

पुढच्या फेरीला ती आली ती जरा उतरलेल्या चेहऱ्याने. सगळ्यांना म्हणाली, "आमच्या सरांनी इथले आकडे पाहिले. आदिलाबादला कोणाला फारसा त्रासच नाही म्हणतात. त्यामुळे दुसरा भाग आता दुसऱ्या जिल्ह्यात नेणार आहेत."

तिचं "त्यामुळे" गुरुजींनी ऐकलंच नाही. त्यांना एवढंच ऐकू आलं, की कोणालाही त्रास नाही. एकही नापास नाही. शंभर टक्के निकाल! ते स्कूटरला किक मारून गेले आणि अर्धा किलो पेढे घेऊन आले.

पेढे वाटत वाटत ते मालनबाईंपाशी आले. मालनबाईंनी डावा हात पुढे केला.

"पेढा डाव्या हातानं घेता का, मालनबाई?"

"उजवा उचलत नाई, गुर्जी." त्यांनी पेढा मांडीवर ठेवला. खाल्ला नाही. "म्हंजे ते हाताची कसरत शिकवनारी बाई नाई येनार काय आता?"

"कोनती बाई?"

"पोरगी म्हणली होती नं, पहिल्या दिवशी. दर मंगळवारी येनार म्हने. मी वाट पाहून राह्यली होती." मालनबाईंचा आवाज कापूस वेचताना गप्पा माराव्यात तसाच होता, ना वर ना खाली. "मले काई वेचनी करायची नाई आता. येनी घालता आली तरी झालं. हात डोक्यापरेंत जात नाई. सून घालते, रूपा. चांगली आहे बिचारी. पन बैलाचं दावं आवळल्यावानी आवळते. दिवसभर भुवया वर राह्यतात माह्या. लोक इचारतात, मालनबाई, कायचं एवढं नवल करून राह्यल्या?"

नागनाथ हसला. गुरुजींनाही हसायला हवं होतं. त्यांच्या हातात पेढ्यांचं खोकं होतं, आणि त्यात पुष्कळ पेढे शिल्लक होते.

घरी आल्यावर त्यांनी खोकं ताराबाईंसमोर ठेवलं आणि घडलेलं सगळं सांगितलं. ताराबाई ज्वारीचं पीठ मळत होत्या. त्यांनी मळणं थांबवलं नाही.

"आधी पोरायच्या जित्या आज्या मारल्या तुमी," त्या म्हणाल्या. "आता जित्या मानसायचं दुखनं मारलं."

"मी चांगल्यासाठीच केलं."

"हाव. आज्या बी चांगल्यासाठीच मेल्या होत्या." भाकर तव्यावर पडली. "आन् तुमचं काय लिवलं? लोकायसमोर जेवाचं?"

 ताराबाईंनी ताट वाढलं, आतल्या खोलीत नेऊन ठेवलं, दार लोटलं. रोजच्यासारखंच. पण त्या दिवशी दार जरा जोरात लागलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वृषालीला फोन केला आणि सगळं कबूल केलं.  ती म्हणाली, "मला अंदाज होता, गुरुजी."

"मंग तसं लिवा नं."

"माझा अंदाज लिहून चालत नाही. लोकांनी सांगावं लागतं." मग ती म्हणाली, की अभ्यासात दुसऱ्यांदा विचारायची एक फेरी ठेवलेलीच असते, पहिली उत्तरं टिकतात का ते पाहायला. ती पुढच्या महिन्याच्या मंगळवारी. त्या दिवशी उत्तरं वेगळी आली तर ती सरांशी बोलू शकेल. पुन्हा तीच आली, तर तिचं इथलं काम संपलं. "पण गुरुजी, एक अट आहे. आता उलटं पाठ करून घेऊ नका. 'फार दुखतं म्हणा' असंही शिकवायचं नाही. तसं झालं तर तीही माहिती माझ्या कामाची नाही."

ही अट गुरुजींना फारच जड गेली. मुलांना बरोबर उत्तर सांगायचं नाही, हे एक वेळ जमेल. पण चुकीचंही सांगायचं नाही? मग मास्तर वर्गात करतो काय?

मंगळवारी त्यांनी सकाळीच व्हरांड्यात जाहीर केलं, "मी मागच्या वेळेस जे सांगतलं ते इसरून जा. ज्याले जे वाटते ते सांगा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"पेपर फुटला काय, गुर्जी?" नागनाथने कुजबुजत विचारलं.

"पेपर नाई हा."

"हाव हाव," नागनाथ डोळा मारून म्हणाला. "समजलं."

त्याला काय समजलं ते थोड्याच वेळात कळलं. सकाळी तीन जण आत जाऊन आले आणि तिघांनीही 'अजिबात नाही' ठणकावून सांगून सहा दिले. मास्तरने एकदा पाठ करून घेतलेलं इतक्या सहज जात नाही. गुरुजींचे जुने विद्यार्थी कोणी तहसीलमध्ये होते, कोणी बँकेत. सतराचा पाढा ते झोपेतही म्हणायचे. आपण इतकं चांगलं शिकवतो याचं गुरुजींना पहिल्यांदाच वाईट वाटलं. मालनबाईंचा नंबर जेवणानंतर होता. त्या भिंतीला टेकून ओठ हलवत बसल्या होत्या. उजळणी चालली होती.

मग खिचडीचं पातेलं आलं. पंगत बसली. गुरुजींनी बादली उचलली, पळी काठावर दोनदा ठोकली आणि "कढी, कढी" करत निघाले. नागनाथच्या पुढ्यात आले आणि वाकले. नागनाथच्या मांडीआड एक स्टीलचा डबा होता. त्याने ताटातली खिचडी अलगद त्यात सरकवली आणि झाकण लावलं.

"हे काय रे?"

"घरी नेतो, गुर्जी. पोरायले आवडते."

"आन् तू?"

"मले कुठं गिळता येते? ठसका लागते. लोक पाहतात." तो सहज म्हणाला. "दरवेळेस नेतो. तुमीच तं वाढता."

हे खरं होतं. इतक्या मंगळवारी गुरुजींनी त्याला वाढलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. वाढणारा पानाकडे बघतो. वाढणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. वाढणाराही कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, ही त्या शोधाची दुसरी बाजू आज समोर आली.

गुरुजींनी बादली खाली ठेवली. स्कूटरपाशी गेले, डिकी उघडली, टॉवेल काढला. परत आले आणि नागनाथ अन् मालनबाईंच्या मधे मांडी घालून बसले. पंगतीच्या ऐन मध्यात.

"मले बी वाढा कोनी तरी," ते म्हणाले.

कोणी हललं नाही. गुरुजींनाही कोणी वाढायचं असतं, हेच कोणाला माहीत नव्हतं. शेवटी मालनबाई उठल्या. सुजलेला हात पोटाशी धरून त्यांनी डाव्या हाताने खिचडी वाढली, मग पळीभर कढी आणली. पळी डुगडुगली आणि अर्धी कढी गुरुजींच्या बाहीवर गेली.

"या माय! सांडली वो, गुर्जी."

"सांडू द्या. माही बी सांडनारच आहे."

आणि ते जेवू लागले. पहिला घास उजवीकडून गेला. दुसऱ्याला कढी डावीकडच्या ओठातून निघाली, हनुवटीवर आली, तिथे जरा रेंगाळली आणि सदऱ्यावर पडली. गुरुजींनी टॉवेलने पुसलं. तिसरा घास. पुन्हा तेच.  समोरचे आजोबा तोंडातला घास तोंडातच ठेवून बघत होते. आत खिडकीशी वृषाली उभी होती. तिने काही लिहिलं नाही.

"असं होते व्हय?" नागनाथ म्हणाला.

"असंच होते."

"मंग तुमी लग्नात..."

"म्हनूनच तं वाढतो."

नागनाथने थोडा विचार केला. मग डब्याचं झाकण काढलं, एक लहानसा घास घेतला, आणि त्याला असा जबरदस्त ठसका लागला की खिचडीची दोन-चार शितं गुरुजींच्या ताटात आली. मालनबाई डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागल्या. पण अंदाज चुकून पहिल्या दोन गुरुजींच्याच पाठीवर बसल्या. समोरच्या आजोबांचा अडलेला घास हसण्याने बाहेर आला. म्हणजे व्हरांड्यात आता बहुतेक सगळ्यांचंच काही ना काही सांडलेलं होतं.

जेवण झाल्यावर 'आ-एक' आत गेले. प्रश्न तेच होते. तो प्रश्न आल्यावर गुरुजींनी या वेळी खिडकीबाहेर पाहिलं नाही. ओल्या सदऱ्याकडे पाहिलं.

"फार," ते म्हणाले. "लिवा."

"आणि तब्येतीला, सातपैकी?"

"तीन." मग न राहवून त्यांनी विचारलं, "पास होते का तीनमधे?"

"पास-नापास नाही, गुरुजी."

"तेच तं अवघड आहे."

त्यांच्यामागून मालनबाई गेल्या. गुरुजी व्हरांड्यात कढीची बादली विसळत बसले. कान दाराकडे होते. मालनबाई काय म्हणतात ते ऐकू येत नव्हतं. पण त्या पुष्कळ वेळ बोलत होत्या आणि 'सहा' हा शब्द काही आला नाही. मध्ये एकदा वृषालीचं हसू ऐकू आलं. बहुधा सुनेने आवळलेल्या भुवयांवर. मग मालनबाईंचा नाक शिंकरल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मी तं नापास झाली वाटते, गुर्जी."

"मी बी," गुरुजी म्हणाले आणि सरकून त्यांना जागा दिली.

त्या दुपारी जे आत गेले ते सगळे असेच नापास झाले. वृषालीने सकाळच्या तिघांना परत बोलावलं नाही. नियम म्हणजे नियम. त्यांचे सहा कायम राहिले, आणि त्यातल्या एका गृहस्थांनी पुढे बरेच दिवस "आपन तं पास झालो" म्हणून बाकीच्यांवर तोरा मिरवला. पण दुपारच्यांचं ऐकून सरांचं मत बदललं. दुसरा भाग आदिलाबादलाच आला.

व्यायाम शिकवणारी बाई आल्यावर मालनबाई भिंतीवर बोटांनी वर वर चढायला शिकल्या. मुंगी चढते तसं, रोज थोडं. हात डोक्यापर्यंत पोचायला बराच काळ गेला. पोचला त्या मंगळवारी त्या स्वतः घातलेली वेणी घेऊन आल्या. वेणी कानामागून निघून कशीबशी खांद्यावर आली होती. गुरुजींनी ती चहूबाजूंनी तपासली आणि म्हणाले, "दहापैकी चार."

"चार लय झाले," मालनबाई म्हणाल्या. भुवया जागच्या जागी होत्या.

गुरुजींचा ओठ मात्र जिथल्या तिथेच राहिला. गेलेला जबडा काही व्यायामाने परत येत नाही, हे त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. घास केवढा घ्यायचा, मान कुठे कलती करायची, एवढं शिकवलं. म्हणजे सांडायचं ते थोडं कमी सांडू लागलं.

परवा गुडीहत्नूरला एक लग्न होतं. गुरुजींनी पहिली पंगत नेहमीसारखी वाढली, ती सवय काही सुटणार नाही. दुसरी पंगत बसली तेव्हा त्यांनी बादली एका तरुणाच्या हातात दिली, डिकीतला टॉवेल खांद्यावर टाकला आणि ताराबाई बसल्या होत्या त्याच्या समोरच्या ओळीत जाऊन बसले. दोन घास झाले. शेजारच्या अनोळखी पाव्हण्याने एकदा त्यांच्या हनुवटीकडे पाहिलं आणि आपलं पान चार बोटं पलीकडे सरकवलं.

गुरुजींनी ते पाहिलं. समोर ताराबाईंनीही पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"घाबरू नका, पाव्हणे," गुरुजी टॉवेलने हनुवटी टिपत म्हणाले. "उतार माह्याच अंगाकडं आहे."

पाव्हणे ओशाळले, काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी पान होतं तिथे परत आणलं. निदान दोन बोटं तरी.

तेवढ्यात बादली समोर आली.

"वरण, गुर्जी?"

"पातळ आहे का रे?"

"पातळ आहे, गुर्जी."

गुरुजींनी एकदा वरणाकडे पाहिलं, एकदा धुतलेल्या सदऱ्याकडे.

"टाक मंग," ते म्हणाले. "दोन पळ्या टाक."